विषय: रिझाट्रिप्टान ५ मिलिग्रॅमऐवजी १० मिलिग्रॅम पाठवल्याबद्दल आणि तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरशी पाचव्यांदा बोलले. पाचव्यांदाही "वरिष्ठांना कळवतो" एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून आता लेखी देते आहे.

तुमच्या ॲपवर दोन वर्षांपासून माझी दर महिन्याची ऑर्डर लागलेली आहे. अर्धशिशीचं दुखणं येऊ नये म्हणून घ्यायचं प्रोप्रॅनोलॉल ४० आणि दुखणं सुरू झालं की घ्यायची, तोंडात विरघळणारी रिझाट्रिप्टान ५. या महिन्यात रिझाट्रिप्टान १० ची आली. फोन नाही, मेसेज नाही, बिलावर काही शेरा नाही. प्रोप्रॅनोलॉल चालू असलेल्या माणसाच्या रक्तात रिझाट्रिप्टान सुमारे ७० टक्के जास्त चढते, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर ५ चीच लिहून देतात. दोन्ही औषधं एकाच चिठ्ठीवर आहेत, एकाच खोक्यात तुम्हीच भरलीत. ॲपवर त्या चिठ्ठीसमोर 'फार्मासिस्टने तपासले' अशी हिरवी खूण आहे. कोणी तपासलं?

मला अर्धशिशी आहे, १८ वर्षं झाली. आईने सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली, सासूबाईंनी सुंठ उगाळून कपाळावर लेप लावला, वैद्यांकडे नस्य झालं, शिरोधारा झाली, चष्म्याचा नंबर तीनदा तपासला, सायनसचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी आधी दिलेल्या फ्लुनारिझिनने दिवसा वर्गात उभ्या उभ्या झोप यायची आणि वजन वाढलं. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येत आणि शिकवताना साधे शब्द आठवत नसत; मी मराठी शिकवते, मला शब्द आठवेनासे झाले तेव्हा मी घरी येऊन रडले होते. या सगळ्या काळात रोज वेदनाशामक गोळ्या चालूच. शेवटी न्यूरोलॉजिस्टने सांगितलं, महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त साध्या पेनकिलर घेतल्या की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आमच्या कालनिर्णयवर दुखण्याच्या दिवसाला मी लाल गोल करते. तेव्हा महिन्याला १७-१८ गोल असायचे. प्रोप्रॅनोलॉल लागू पडलं आणि आता ६-७ वर आलेत. हे मिळवायला मला किती वर्षं लागली ते वरती लिहिलंच आहे.

तुमचं खोकं आलं त्या रात्री साडेनऊला उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. रिझाट्रिप्टान दुखणं चढायच्या आत घेतली तरच नीट काम करते. खोलीत अंधार केला, मुलीला म्हटलं नवीन स्ट्रिप आण. तिने दाराबाहेर मोबाइलच्या उजेडात वाचलं आणि म्हणाली, "आई, यावर दहा लिहिलंय." ती नववीत आहे. तुमच्याकडे जे कोणी वाचलं नाही ते तिने वाचलं.

मी तशीच अंधारात पडून फोन लावला. अकरा मिनिटं ती तुमची धून कानात वाजत होती. मग एक मुलगा आला.

"मॅडम, पाच आउट ऑफ स्टॉक होती, म्हणून तुम्हाला जास्त पॉवरची दिलीय. जादा पैसे घेतलेले नाहीत."

मी म्हटलं, मला जास्त नकोय, डॉक्टरांनी पाच लिहिलीय.

"मग अर्धी तोडून घ्या ना."

तोंडात विरघळणारी गोळी खडूसारखी ठिसूळ असते, बोट लागताच भुगा होतो. त्याचे दोन सारखे भाग कसे करायचे? मी म्हटलं, फार्मासिस्टला फोन द्या.

"ते कस्टमरशी बोलत नाहीत. मॅडम, जरा मोठ्याने बोलता का, आवाज येत नाहीये."

मला त्या क्षणी स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटत होता. मी जमेल तेवढ्या आवाजात परत सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "डोकंच दुखतंय ना मॅडम? स्टॉक येईपर्यंत रोज एक साधी पेनकिलर घ्या."

रोज एक पेनकिलर. ज्या खड्ड्यातून मी कशीबशी वर आले, त्यातच परत उतरा म्हणून तुमच्या कंपनीने मला सांगितलं. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला समोर जे लिहून दिलंय ते तो वाचत असणार. ते लिहून कोणी दिलं, हे मला हवं आहे.

फोन ठेवल्यावर चार मिनिटांत मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवली आहे.' पुढचे दोन दिवस मी उलट्या करत पडून होते, शाळेत दोन रजा गेल्या. स्ट्रिप परत घेणार नाही म्हणता, कारण खोकं उघडलं. न उघडता आत काय आहे ते कळणार कसं?

चिपळूणला आमच्या केमिस्टकडे दहाची मिळते, पाचची मागवावी लागते, म्हणून तर तुमच्याकडे आले. पहिलं वर्षभर तुमचा माणूस फोन करून विचारायचा, "मॅडम, गोळी संपत आली असेल, पाठवू का?" मी शाळेत चार जणींना तुमचं नाव सांगितलं होतं. त्या चौघींना आता काय सांगू?

पैसे परत हवेतच. त्याशिवाय चिठ्ठी तपासणाऱ्या फार्मासिस्टचं नाव व नोंदणी क्रमांक आणि यापुढे विचारल्याशिवाय औषध बदलणार नाही असं लेखी हवं. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करेन आणि स्ट्रिपचा, चिठ्ठीचा व त्या हिरव्या खुणेचा फोटो अन्न व औषध प्रशासनाला देईन.

भावाने कराडहून एसटीने पाचच्या चार गोळ्या पाठवल्या. त्यातल्या तीन उरल्या आहेत.

तुमची ग्राहक,
चिपळूण, जि. रत्नागिरी