आंबा विकायला वेबसाइट: तयार प्लॅटफॉर्म घ्यावा की कोड लिहून घ्यावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान धंदेवाल्यांनी ऑनलाइन यावं असे लेख पेपरात अधूनमधून येतात, चांगलंच आहे, पण त्यात वेबसाइट नक्की कशी करायची हे कोणी सांगत नाही, म्हणजे शॉपिफाय, वर्डप्रेस, विक्स असल्या तयार प्लॅटफॉर्मवर दुकान मांडायचं की डेव्हलपर गाठून पहिल्यापासून सगळा कोड लिहून घ्यायचा. मी काही वेबसाइटवाला नाही. रत्नागिरीत जीएसटी रिटर्न आणि हिशेबाची कामं करतो, माझे बरेचसे क्लायंट आंबा बागायतदार, आणि त्यांच्या फायलीत हल्ली खताच्या बिलांबरोबर वेबसाइटची बिलं पण यायला लागलीत. ती बघून माझं जे मत झालंय ते आधीच सांगतो. वाशीच्या दलालाला टाळून डायरेक्ट गिऱ्हाइकाला पेटी विकायचीय अशा माणसाला पहिल्याच वर्षी कस्टम, म्हणजे पहिल्यापासून कोड लिहून घेतलेली, वेबसाइट लागत नाही. तयार प्लॅटफॉर्मवर एक सीझन काढावा आणि जिथे खरंच अडतं तेवढाच भाग पैसे देऊन बनवून घ्यावा.

पहिला मुद्दा पैशाचा, कारण तिथेच लोक फसतात. कोटेशन येतं दीड लाख प्लस जीएसटी, आणि बागायतदार म्हणतो जीएसटी तर परत मिळतोच की. नाही मिळत हो! ताज्या आंब्यावर जीएसटी शून्य आहे, आणि जो माल करमुक्त त्याच्यासाठी केलेल्या खर्चाचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे वेबसाइटवरचे १८ टक्के, दीड लाखावर २७ हजार, हे सरळ खिशातून गेले. सोबत डबाबंद आमरस, लोणचं असला टॅक्स लागणारा माल विकत असाल तर त्या प्रमाणात क्रेडिट मिळेल, पण नुसता हापूस विकणाऱ्याने कोटेशन वाचताना १,७७,००० हाच आकडा डोक्यात धरायचा. तयार प्लॅटफॉर्मच्या भाड्यावर पण टॅक्स आहेच, पण तिथे रक्कम मुळात लहान असते आणि महिन्यामहिन्याने जाते, नाही जमलं तर बंद करता येतं, दीड लाखाचा कोड काही परत करता येत नाही.

आता तयार प्लॅटफॉर्म म्हणजे सगळं सुखाचं असंही नाही. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी दुसरी कंपनी, लावावा लागतो, गेटवेवाला त्याचा चार्ज घेतो आणि वर शॉपिफाय वेगळा कट घेतं, बेसिक प्लॅनला २ टक्के. दहा लाखाची विक्री झाली तर वीस हजार तिकडे गेले. हे सेल्सवाला सांगत नाही, पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये कळतं. वर्डप्रेस आणि त्यावर दुकान मांडायचं वूकॉमर्स फुकट मिळतं, असला कट नाही, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), अपडेट, बॅकअप, सिक्युरिटी सगळं तुमच्या गळ्यात. आंब्याचा सीझन संपला की जून ते जानेवारी त्या साइटकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि नेमकी तेव्हाच ती हॅक होते. आमच्या ओळखीतल्या एकांच्या बागेचं नाव गुगलवर टाकलं तर खाली जपानी अक्षरांत चपला-बुटांची जाहिरात यायची. घरच्यांना वाटलं मोबाइल बिघडला! हा हॅक इतका कॉमन आहे की गुगलने त्याच्यावर वेगळं मदतीचं पान लिहून ठेवलंय.

हापूसचं स्वतःचं एक गणित आहे आणि प्लॅटफॉर्म निवडताना खरा कस तिथे लागतो. गिऱ्हाइकाला निवडायचं असतं फळ किती ग्रॅमचं, पेटी किती डझनची, आणि कच्चा पाहिजे की आढीतून काढलेला तयार. शॉपिफायमध्ये एका प्रॉडक्टला तीनच ऑप्शन देता येतात, म्हणजे ते तिथेच संपले. चौथी गोष्ट राहिली ना, पेटी कुठल्या आठवड्यात हवी. यावर लोक लगेच कस्टम कस्टम करायला लागतात, पण साधी युक्ती आहे, प्रत्येक आठवड्याचं वेगळं प्रॉडक्ट करायचं, एप्रिल दुसरा आठवडा, एप्रिल तिसरा आठवडा, आणि अवकाळी पाऊस आला, मोहोर गळला, काढणी पुढे गेली की त्या आठवड्याचा स्टॉक शून्य करून टाकायचा. मोबाइलवरून बागेत उभं राहून होतं हे काम. पिनकोडचं मात्र नीट बघून घ्या. पुण्या-मुंबईला आपली गाडी जाते, नागपूरला कुरियर, आणि काही पिनकोडला तयार फळ पाठवलंच तर वाटेत त्याचा रस होतो. शॉपिफायचे शिपिंग झोन भारतात मुळात राज्यावर चालतात, पिनकोडसाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं, वूकॉमर्समध्ये पिनकोडची यादी झोनला लावायची सोय आधीपासूनच आहे. आता मला सांगा, हे एवढं समजून घ्यायला दीड लाख कशाला लागतात, कागद घेऊन तासभर बसलं तर कळतं की आपल्याला कुठला प्लॅटफॉर्म बसतो.

दुसरं एक बिलांत सारखं दिसतं आणि ते बघून डोकं फिरतं. बिलावर लिहिलेलं असतं 'कस्टम वेबसाइट डेव्हलपमेंट' आणि आत असतं वर्डप्रेस आणि काही हजारांत मिळणारी एक थीम, म्हणजे तयार डिझाइन, रंग बदललेली. वर्डप्रेस वाईट नाही, २००३ पासून चालू आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, पण मग कस्टमचे पैसे कशाचे? कॉम्प्युटरवर साइट उघडा, राइट क्लिक करून पेज सोर्स बघा आणि त्यात डब्ल्यूपी-कंटेंट हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा. पन्नास ठिकाणी सापडला तर ती वर्डप्रेस आहे. मग समोरच्याला विचारायचं की बाबा तू यात स्वतः काय लिहिलंस, ते दाखव. थीममध्ये मराठी तरी नीट दिसते का तेही बघा, इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये मोठ्या हेडिंगच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, आणि हे सांगितल्याशिवाय कोणी दुरुस्त करत नाही.

कस्टम कधीच करू नये असं मी म्हणत नाहीये. आमच्याच एका ट्रॅव्हल्सवाल्या क्लायंटला ते करावं लागलं, कारण स्लीपर गाडीतला वरचा-खालचा बर्थ, बाईंच्या शेजारची सीट बाईंनाच, तीन पिकअप पॉइंट, उतरायची वेगळी भाडी, हे पेटी विकायच्या दुकानात बसतच नाही. आणि शॉपिफाय तरी कुठून आलं? टोबियास ल्युटके कॅनडात स्नोबोर्ड विकत होता, त्याला तेव्हाचं कुठलंच तयार सॉफ्टवेअर पटलं नाही म्हणून २००४ मध्ये स्वतःच लिहिलं आणि २००६ मध्ये तेच दुसऱ्यांना विकायला काढलं. पण तो स्वतः प्रोग्रामर होता, रात्री साइट बंद पडली तर स्वतः उठून चालू करणारा. आपल्याकडे कोड लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागला की नंबर लागत नाही. पीएचपी ही वेबसाइटचा कोड लिहायची भाषा, तिच्या ७.४ व्हर्जनचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, पुढे होस्टिंगवाल्यांनी नवं व्हर्जन टाकलं की जुन्या कोडच्या साइट उघडायच्या बंद, पांढरं पान. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवता येईना. तयार प्लॅटफॉर्म आणि गेटवेवाल्यांनी ते आपलं आपण बदललं, पण स्वतःच्या कोडमध्ये कोणी कार्ड साठवत असेल तर त्याला माणूस शोधून खर्च करावा लागला. कस्टम करणाऱ्याने दरवर्षीचा हा खर्च धरूनच चालायचं.

आणि तयार म्हणजे पक्कं असंही समजू नका. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर दुकानदारांना फुकट वेबसाइट मिळायची, कितीतरी जणांनी तो पत्ता पाटीवर, पिशवीवर, व्हिजिटिंग कार्डवर छापला, आणि मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सोयच बंद केली. विक्सवर केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, ती विक्सवरच राहते, सोडायचं तर नव्याने मांडायचं. म्हणून माझा सगळ्यात जास्त आग्रह डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, आहे. गाळा भाड्याचा असेना का, पाटी आपल्या नावाची पाहिजे. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डावरून पैसे भरून घेतलं असेल तर आज शॉपिफाय, उद्या वूकॉमर्स, परवा कस्टम, पत्ता तोच राहतो. डॉट इन डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं, पण माझ्याकडच्या बिलांत ते 'होस्टिंग पॅकेज' मध्ये गुंडाळून एजन्सीच्या नावावर घेतलेलं असतं, भांडण झालं की एजन्सी फोन उचलत नाही आणि गिऱ्हाइकं जुन्याच पत्त्यावर ऑर्डर टाकत बसतात.

जिल्हा उद्योग केंद्र किंवा कृषी खातं यांनी बागायतदारांच्या मेळाव्यात कर्जाच्या योजनांबरोबर अर्धा तास यालाही द्यावा ही विनंती. ज्यांचं डोमेन दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी ते आता पावसाळ्यात, काम कमी असताना आपल्याकडे घ्यावं, एजन्सीकडे डोमेन ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा पासवर्ड, लेखी मागावा, व्हॉट्सॲपवर नाही तर ईमेलवर, आणि कोड मिळेपर्यंत पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलचे पैसे देऊ नयेत. फक्त डोमेनची मुदत कधी संपते ते आधी बघा, मुदत जवळ असेल तर रिन्यूअल भरून टाका आणि मग भांडा.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी