जीएसटीची भरपाई हा आमच्या शहराचा हक्क आहे

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नवी मुंबई महापालिकेची जीएसटी भरपाई आणि घरपट्टी

मा. महोदय,

कोपरखैरण्यातल्या एका लहान सोसायटीचा मी खजिनदार आहे. आमच्या तळमजल्यावर एक मावशी राहतात. त्यांचे यजमान एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, माथाडी होते; कांद्या-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहून त्यांनी हे घर घेतलं. मावशी घरपट्टीचं सहामाही बिल रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि भरल्यावर पावतीही त्याच पिशवीत जाते. आजवर एकही पावती हरवलेली नाही. परवा त्यांनी मला जिन्यातच थांबवलं. "सरकार महापालिकेचे पैसे कमी करणार म्हणतात. मग आमची पट्टी वाढणार का?" मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

राज्याच्या तिजोरीवर ताण आहे, हे आम्हाला कळतं. पण काटकसरीची चर्चा निघाली की महापालिकांना मिळणारी जीएसटी भरपाई सर्रास 'अनुदान' म्हणून मोजली जाते, आणि अनुदान म्हटलं की त्याला कात्री लावणं सोपं वाटतं. माझी हरकत इथेच आहे. नवी मुंबईचं स्वतःचं उत्पन्न होतं. आधी शहरात येणाऱ्या मालावर उपकर होता, एप्रिल २०१३ पासून त्याच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना शासनाने एलबीटीतून सूट दिली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलीही गेली. त्या बदल्यात राज्याने २०१७ मध्येच कायदा करून भरपाई देण्याचं मान्य केलं. त्यासाठी २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरलं आणि दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ ठरवली. या हिशेबाने तेव्हाचे १०० रुपये दहा वर्षांनी साधारण २१६ होतात. एमआयडीसीतले कारखाने आणि एपीएमसीतली उलाढाल यांवर उभं राहिलेलं हे उत्पन्न आहे. स्वतःचं मोरबे धरण विकत घेणारं हे शहर आहे, ते कधी हात पसरत आलेलं नाही.

दुसरीकडे शासन जबाबदाऱ्या वाढवत आहे. ठाणे तालुक्यातली १४ गावं नवी मुंबईत घेण्याचा निर्णय शासनाचाच. तिथल्या लोकांना नळाचं पाणी, गटारं, दवाखाना मिळालाच पाहिजे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याचा खर्च कोण करणार? त्यात आमच्या बिलात राज्याचा शिक्षण करही असतो. महापालिका तो गोळा करून आपल्याकडे भरते, म्हणजे मावशींच्या पिशवीतली प्रत्येक पावती थोडी राज्याचीही आहे.

घरपट्टी वाढवूच नका, असा माझा हट्ट नाही. इथे अनेक वर्षं करवाढ नसलेलेच अर्थसंकल्प मांडले गेले. ते ऐकायला बरं वाटतं, पण तेवढ्यावर शहर चालत नाही. वाढ करायची तर आधी थकबाकीदारांकडे बघा. उशीर झाला की कायद्याने महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. मग अभय योजना येते आणि तीच शास्ती मोठ्या प्रमाणात माफ होते. वर्षानुवर्षे न भरणाऱ्याला सूट आणि वेळेवर भरणाऱ्याच्या हाती नुसती पावती! सोसायटीच्या बैठकीत लोक मला विचारतात, मग आम्ही वेळेवर का भरायचं? मला ते फार लागतं, कारण विचारणारे सगळे वेळेवर भरणारेच असतात.

एक गोष्ट आणखी. मे २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ या शहरात निवडून आलेलं सभागृह नव्हतं. आयुक्तांनी प्रशासक म्हणून अर्थसंकल्प मांडले आणि त्यांनीच ते मंजूर केले. त्या सगळ्या काळात आमच्या वतीने प्रश्न विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

म्हणून विनंती अशी, की भरपाईची रक्कम कायद्यात लिहिली आहे तेवढीच आणि ठरल्या वेळी द्यावी. कायदा बदलण्याचा विचार असेल, तर महापालिकेचा अर्थसंकल्प ठरण्याआधी तसं जाहीर करावं. दर महिन्याला किती देय होतं आणि किती दिलं, हे प्रत्येक महापालिकेच्या नावासह मराठीत प्रसिद्ध करावं. आणि १४ गावांसाठी वेगळा निधी द्यावा.

आपलं उत्तर आलं, तर त्याची प्रत सोसायटीच्या फलकावर लावेन. मावशींना ती वाचून दाखवेन.

आपला नम्र,
एक करदाता
कोपरखैरणे, नवी मुंबई