नावं विचारायची राहिली, म्हणून हे आभार

गाडी जुनी, माझ्यापेक्षा थोडीच लहान. परवा ऑइलचा लाल दिवा लागला तरी मी "पुढे बघू" म्हणून रेटत होतो. मागून येणारा एक जण शेजारी येऊन ओरडला, "ऑइल सांडतंय, आधी इंजिन बंद करा!" त्या ओरडण्यानेच इंजिन वाचलं, ऑइलचा दाब गेला की इंजिनातली बेअरिंग खलास व्हायला वेळ लागत नाही.

ऑइल कूलरकडे, म्हणजे ऑइल थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या पाइपाला क्लिपखाली गंजून भोक पडलं होतं, सुईच्या टोकाएवढं. मी साधी रबरी नळी क्लॅम्पने आवळायच्या बेतात होतो. तिथल्या एका काकांनी हात धरला. "गार इंजिनात चार-पाच बार दाब असतो, त्यात नंतर तापलेलं ऑइल. ही नळी सुटणारच." मग पाइपच बदलायचं ठरलं. गंजका नट साध्या पान्याने गोल होईल म्हणून त्यांनी स्वतःचा फ्लेअर नट पाना (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा) दिला. जोडातून ऑइल झिरपू नये म्हणून असतात ते तांब्याचे वॉशरही नवेच घालायला लावले. जुने मी पुसून ठेवले होते, चिकटपणा, दुसरं काय!

टॉर्च धरणारा मुलगा एक शब्द बोलला नाही, पण उजेड तसूभर हलू दिला नाही. शेवटी इंजिन चालू करून जोडाखाली कागद धरला. कोरडा! तिघांचेही मनापासून आभार. काका, पाना माझ्याकडेच राहिलाय.