थेंब जमिनीवर पडलाच नाही

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "पाणी कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंच असणार," आणि मी "गाडीखाली थेंबही नाही" असं म्हणून विषय तोडला. तुमचंच खरं निघालं. हे तोंडाने कबूल करणं जड गेलं असतं, म्हणून पत्र.

ही जुनी गाडी घेतल्यापासून दर आठ-दहा दिवसांनी इंजिन गार ठेवणारं कूलंट त्याच्या टाकीवरच्या खालच्या रेघेखाली जायचं. मी गुपचूप साधं पाणी ओतायचो. मग एकदा चढावर हीटरमधून एकदम गार हवा यायला लागली. तापमानाचा काटा मधोमध होता, म्हणून वाटलं हीटरच बिघडला. पाच मिनिटांत काटा लाल पट्ट्यात! पाणी कमी झालं की ते हीटरपर्यंत पोचत नाही, आणि सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असली की काटाही थापा मारतो, हे मला नंतर कळलं. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तासभर कूलंटच्या झाकणाला हात लावला नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की मात्र भसकन अंगावर येतं. ही तुमचीच शिकवण.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट धड न उघडताच "हेड गॅस्केट गेलंय" सांगून टाकलं. इंजिनाच्या दोन भागांमधलं सीलच गेलं म्हणे! पोटात गोळाच आला. पण त्याची लक्षणं कुठेच नव्हती: सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइल दुधाळ नाही, टाकीत बुडबुडे नाहीत. मग गाडी दुसरीकडे नेली. या माणसाने टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवली. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. निळाच राहिला. (मी मात्र पिवळा पडलो होतो.) मग हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब भरला. मीटर हळूहळू उतरत होता, पण गळती दिसेना. शेवटी टॉर्च आणि छोटा आरसा घालून पाहिलं, तर कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कूलंटची गुलाबी खरपुडी! सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते भोक ठेवलेलंच असतं. थेंब तापलेल्या इंजिनवर पडून तिथेच वाळायचा, जमिनीपर्यंत यायचाच नाही.

पंप बदलला, सोबत कूलंटचा प्रवाह आवरणारा थर्मोस्टॅटही. माझ्या साध्या पाण्याने मिश्रण पातळ झालं होतं, ते सगळं काढून अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी भरलं. हे उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही, आणि इथला हिवाळा आता तोंडावर आलाय.

टाकीवर पेनाने रेघ मारली आहे. रोज सकाळी गार इंजिनवर पाहतो. आज अकरावा दिवस, पाणी रेघेवरच आहे.

चढावरचं आईला सांगू नका.

तुमचा,
धाकटा