काटा शून्यावर, टाकीत किती?

संपादक महोदय,

पिकअप चालवणाऱ्यांच्या एका रोजच्या अडचणीकडे मला लक्ष वेधायचे आहे. इंधनाचा काटा उरलेले लिटर मोजत नाही. टाकीतला तरंगता गोळा किती उंचीवर आहे, एवढेच तो सांगतो. पिकअपची टाकी चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कडेला बसवलेली, लांबट आणि वेडीवाकडी असते, त्यामुळे उंची निम्मी झाली म्हणजे इंधनही निम्मे उरले असे होत नाही. त्यातच मागे माल भरून गाडी चढाला लागली की इंधन एका बाजूला सरकते आणि काटा भलतेच दाखवू लागतो.

गेल्या महिन्यात भरल्या गाडीने चढ चढताना रिझर्व्हचा, म्हणजे टाकीत थोडेच इंधन उरल्याचा, दिवा लागला, सपाटीवर येताच विझला, आणि पुढच्या चढावर गाडी बंदच पडली. डिझेल गाडीत अशा वेळी नळ्यांमध्ये हवा शिरते. अनेक गाड्यांत मग नुसते इंधन ओतून भागत नाही, हातपंपाने हवा काढावी लागते. ज्या गाड्यांचा विजेचा पंप टाकीतच बुडालेला असतो, तो इंधनानेच थंड राहतो, म्हणून टाकी वारंवार तळाला नेणे त्यालाही घातक.

दिवा लागल्यावर लगेच टाकी भरून किती लिटर बसले ते पाहावे व टाकीच्या क्षमतेतून वजा करावे. सपाट रस्त्यावर दोन-तीनदा केल्यास खरा रिझर्व्ह कळतो. पण हा हिशेब चालकानेच का करावा? उत्पादकांनी रिझर्व्हचे लिटर पुस्तिकेत स्पष्ट छापावेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक पिकअपचालक