मिस्त्री, पडद्याशिवायची गाडी मिळाली बरं का!

मिस्त्री, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर व्हिडीओ सोडून काही बघत नाही हे मला माहितीय, त्यामुळे हे पत्र तुमच्या नातीनेच तुम्हाला वाचून दाखवायचंय. तिला म्हणावं भरभर वाचू नको, स्वल्पविरामाला थांब, शाळेत मी तुला काय शिकवलं होतं. समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बाई, तुमचं आपलं कायतरीच" म्हणून गाडीखाली शिरता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय, इथून पळता यायचं नाही.

तुम्ही शोधून दिलेली, डॅशबोर्डवर टीव्हीसारखा पडदा नसलेली नवी गाडी दारात येऊन दीड महिना झाला आणि अजून एकदाही मी तिच्यावर वैतागलेले नाही. म्हणजे एकदा वैतागले, ते पुढे सांगते.

वाचणाऱ्यांना आधीचं माहीत नाही म्हणून थोडक्यात. माझी मारुती ८००, २००० च्या नोव्हेंबरची, एमएच-११ पासिंग, कार्बोरेटरवाली. जावळीतल्या शाळेवर होते तेव्हा थंडीत सकाळी साडेसहाला तिला उठवायचं म्हणजे एक विधीच असायचा, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारं डॅशबोर्डवरचं बटण) अर्धा ओढायचा, एक्सलेटरला पाय लावायचा नाही, चावी मारायची, धडधड सुरू झाली की पंचवीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि मग चोक हळूच आत ढकलायचा. हे सगळं मला या मिस्त्रींनी शिकवलं. घरचे म्हणायचे विकून टाक, मी म्हणायचे चालतेय ना. पण २०२५ च्या नोव्हेंबरला तिचं पासिंग संपत होतं, त्यात ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांची रिन्यूअल फी ५ हजारावरून १० हजार झाली, पर्यावरण कर वेगळाच, आणि ड्रायव्हर सीटखालचा पत्रा तर असा कुजलेला की पावसात रस्त्यावरचं पाणी थेट चपलेत. मी आपली तुमच्याकडे आले, पत्रा मारून द्या म्हणाले. तुम्ही खाली वाकून बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "बाई, इंजिन अजून पाच वर्सं पळंल, पण त्ये ठेवायचं कशात?"

त्या दिवशी मला रडू आलं होतं हे तुम्हाला कळलं नसेल. (कळलं असेल, म्हणूनच चहा सांगितलात.)

आता नवी गाडी घ्यायची तर मला भीती पैशाची नव्हती, पडद्याची होती. त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या नव्याकोऱ्या गाडीतून आम्ही मेढ्याकडून महाबळेश्वरला निघालो, केळघर घाटात धुकं, समोरची काच आतून सगळी धुरकटली. माझ्या ८०० मध्ये एक खटका डावीकडून उजवीकडे सरकवला की हवा काचेवर, न बघता व्हायचं. याच्या गाडीत ते बटण टीव्हीसारख्या पडद्यावर, आणि नेमका त्याच वेळी त्याला ऑफिसातून फोन आलेला, त्यामुळे पडद्यावर साहेबांचा फोटो आणि आमचं हवेचं बटण साहेबांच्या मागे. शेवटी मी पदराने काच पुसली, चालत्या गाडीत, वळणावर. तेव्हाच ठरवलं, असली गाडी आपल्याला नको.

म्हणून तुम्हाला म्हटलं, मिस्त्री, मला बिनकॉम्प्युटरची नवी गाडी शोधून द्या.

तुम्ही हसलात. मग खऱ्या मास्तरासारखं समजावून सांगितलंत, ते मी इथे मुद्दाम लिहितेय कारण माझ्यासारखे खूप जण आहेत जे हेच मागतात आणि शोरूमवाले त्यांना येड्यात काढतात. तुम्ही म्हणालात बिनकॉम्प्युटरची नवी गाडी आता भारतात मिळायचीच न्हाय, तो विषय संपला, ८०० सुद्धा २०१४ च्या जानेवारीत बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, म्हणजे धुराचे कडक नियम, २०२३ च्या एप्रिलपासून त्याचा दुसरा टप्पा, आता गाडी चालताना स्वतःचा धूर स्वतःच तपासत असते, त्यासाठी सेन्सर लागतात आणि सेन्सरला डोकं लागतं. "पर त्यो कॉम्प्युटर इंजिनापाशी गप बसतो बाई, तुमाला काय इचारत न्हाय. चोक ओढायचं काम त्योच करतो. तुमाला तरास देतो त्यो ह्यो न्हाय, त्यो डॅशबोर्डवरचा." आणि खिशातून तुमचं ते छोटं स्कॅनर काढून स्टिअरिंगखाली कुठे लावतात ते पण दाखवलंत. पासष्टी ओलांडलेला माणूस, सातवी पास, स्कॅनरमधला इंग्रजी कोड बघून सांगतो की दुसऱ्या सिलिंडरचा कॉइल गेलाय. मी बीएड. मला अजून फोनचं अपडेट करता येत नाही.

मग स्पार्क प्लगचं रिकामं खोकं फाडून त्याच्या आतल्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने तीन रकाने केलेत. लागतंय, चालंल, नको. ते खोकं माझ्याकडे आहे, ग्लोव्ह बॉक्समध्ये आरसी बुकाच्या खाली ठेवलंय. "नको" मध्ये पडदा, बटण स्टार्ट, गाणी, वरचं उघडणारं छत, चार कॅमेरे. "चालंल" मध्ये एसी आणि रिव्हर्सचं टिवटिव. आणि "लागतंय" मध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं), बॅगा, आणि ईएसपी (वळणावर गाडी घसरू न देणारं). यावर आपलं भांडण झालं, आठवतंय? मी म्हटलं एअरबॅग पण टेक्नॉलॉजीच की, पंचवीस वर्षं काही लागली नाही. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि आवाज चढवून (पहिल्यांदाच) म्हणालात, "बाई, लागली न्हाय ते नशीब हुतं, ८०० चं काय कौतिक न्हवतं. बॅग रोज तुमच्याशी बोलती का? न्हाय ना? मग ऱ्हाऊ द्या तिला गप."

एवढ्या मोठ्या पोरांना मी आयुष्यभर शिकवलं, पण मला गप्प बसवणारा माणूस विरळाच.

पुढचं शोरूमचं. कुठलं ते सांगत नाही, जाऊ दे. बेस मॉडेल विचारलं की तिथल्या मुलाचा चेहराच पडायचा. पहिल्यांदा म्हणाला ते बंद झालं मॅडम, मग म्हणाला चार महिने वेटिंग, मग म्हणाला तुमच्यासारख्यांना ते शोभत नाही. शोभत नाही! मी काय गाडी गळ्यात घालणारे का? टेस्ट ड्राइव्हला टॉप मॉडेलच दिलं, हा एवढा पडदा, निळा निळा चमकणारा. तुम्ही माझ्या शेजारी बसलात, खिशातून ते ग्रीसचं फडकं काढलंत आणि सरळ पडद्यावर टाकलंत. "हां, आता ही बेस मॉडेल झाली. चालवा." मागे बसलेला तो मुलगा "काका, काका, डाग पडेल" करत राहिला आणि आपण यवतेश्वरचा घाट चढून आलो. अर्ध्या चढावर मुद्दाम थांबवून हँडब्रेक ओढायला लावलात, क्लच कुठे धरतोय ते बघायला लावलंत, मान वळवून मागची काच किती दिसते ते बघायला लावलंत. खाली आलो तेव्हा फडकं काढून घडी करून खिशात. त्या मुलाला एवढंच म्हणालात, "गाडी चांगली हाय, पर बाईंची न्हाय."

अजून आठवलं की एकटीच हसते.

कोटेशन तर कहरच होतं. त्यात हँडलिंग चार्जेस, त्यात न मागितलेला अ‍ॅक्सेसरी पॅक, आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल हे तोंडी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी लाल पेन घेऊन बसले (सवयच आहे) आणि एकेका ओळीला विचारलं, हे सरकारचं की तुमचं. रोड टॅक्स सरकारचा, महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक, पण तो अमक्याकडूनच घ्या असं काही नाही. बाकीच्या ओळींवर फुल्या. त्यांनी ऐकलं नाही, आपण उठून आलो.

आणि मग तुम्ही कराडला फोन लावलात. यार्डातून गाड्या आणणारा तुमच्या ओळखीचा कोणी ड्रायव्हर, त्याला विचारलंत, बेसमधली काय उभी हाय का रं. होती. ऑल्टो के१०, एलएक्सआय, पांढरी, यार्डाच्या शेवटच्या रांगेत धूळ खात, कारण शोरूममध्ये काचेआड लावायला ती कोणाला नको असते. तुम्ही दुकान अर्धा दिवस बंद ठेवून एसटीने माझ्याबरोबर कराडला आलात, गुडघ्यावर बसून चारही टायरवरचे आकडे वाचलेत, पहिले दोन आठवड्याचे पुढचे दोन वर्षाचे, स्टेपनीचे सुद्धा, आणि जुनी नाही याची खात्री झाल्यावरच मला चेक फाडू दिलात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, १२०० सीसी आणि चार मीटरच्या आतल्या, आपली ९९८ सीसी आणि साडेतीन मीटरची, त्यामुळे तेवढं थांबायला लावलंत तेही बरंच झालं, नाहीतर मी ऑगस्टमध्येच घाई करून बसले असते.

काय गाडी आहे मिस्त्री! चावी घालायची आणि फिरवायची. एसीची गोल बटणं, हवा काचेवर सोडायची तर बघावं लागत नाही. काचा हाताने फिरवायच्या, माझी भाची बसली तर विचारते मावशी हे काय आहे, तिने हँडल कधी बघितलंच नव्हतं, सज्जनगडापर्यंत काच वर खाली करत बसली. आणि या असल्या साध्या गाडीत सहा एअरबॅगा! तुमचा "लागतंय" चा रकाना सगळाच्या सगळा भरला. गाण्यांचं काही नाही, मी माझा जुना ट्रान्झिस्टर शेजारच्या सीटवर ठेवते.

वैतागले ते पट्ट्यावरून. मंडईतून भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की ती बया टुंग टुंग करते, तिला वाटतं कोणी माणूस बसलाय. दोन दिवस ऐकलं, मग एकाने सांगितलं बाजारात खोटं बक्कल मिळतं ते खोचून टाका. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "बाई, त्ये खोचलं तर माझ्याकडं यायचं न्हाय." आता कोबी मागच्या सीटवर बसतो.

एक गोष्ट मात्र मला नंतर, परवा पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख आली तेव्हा लक्षात आली. नवी गाडी म्हणजे वॉरंटी, वॉरंटी म्हणजे सर्व्हिसिंग कंपनीकडेच, म्हणजे पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही स्वतः एसटीचं तिकीट काढून कराडला जाऊन सोडून आलात. तुम्ही पत्रा मारून दिला असतात तर मी अजून पाच वर्षं तुमच्याकडे येत राहिले असते, दर दोन महिन्यांनी काही ना काही निघालंच असतं. मला हे तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला सुचलं नसेल असं मी म्हणणार नाही, धंद्याचा माणूस तुम्ही. आणि पैसे विचारले तर एसटीच्या जाण्याचे घेतलेत, येण्याचे नाही, का तर येताना नव्या गाडीतनं आलो.

८०० च्या डॅशबोर्डवरून तुम्ही चोकचं बटण सोडवून दिलंत ते देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. घरच्यांना कळत नाही ते तिथे का, मी पण सांगत नाही.

रविवारी येते. मागच्या डाव्या दाराची काच फिरवताना शेवटच्या दोन बोटांवर कुरकुरते, शोरूमला दाखवायचं आधी तुम्ही एकदा ऐका. उघडू नका, वॉरंटी आहे, नुसतं ऐका. चहा मी थर्मासमधून आणते, तुमच्या समोरच्या टपरीवरचा फार गोड असतो आणि तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुमच्या नातीने मला सांगितलंय.

तुमची,
बाई