मृत्यूनंतरच्या घराची कादंबरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुटुंबावर अचानक कोसळलेल्या दुःखाविषयीच्या कादंबऱ्या ‘रडक्या’ म्हणून बाजूला ठेवल्या जातात, हे मला मनापासून खटकते. रामकुंडावर दशक्रिया होते, तेराव्याला गोडाचे जेवण होते आणि नातेवाईक आपापल्या गावी परततात. त्यानंतर कपाटाच्या खणात सावकाराची चिठ्ठी सापडते आणि गेलेल्या माणसाने हे कर्ज आपल्यापासून का लपवले, हा प्रश्न मागे राहिलेल्या बायकोला कोणापुढेही मांडता येत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात, जिथे एका गारपिटीत वर्षाचे पीक हातचे जाते, तिथे ही गोष्ट केवळ कल्पनेतली मुळीच नाही. चांगली कादंबरी त्या रागालाही शोकाइतकीच जागा देते आणि सून पुन्हा लग्नाला उभी राहते तेव्हा सासूच्या मनात काय चालते, तेही घाई न करता दाखवते. (शेवटच्या प्रकरणात सगळ्यांचे एकदम मनोमीलन घडवणारे लेखक मात्र मला पटत नाहीत.)

१८४० पासूनची परंपरा असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने अशा कादंबऱ्यांवर वाचकांची नियमित चर्चा ठेवावी आणि शोकातून जाणाऱ्या कुटुंबांनाही तिथे आग्रहाने बोलवावे, ही विनंती.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक